जीवाणी कुठं सोडायची?

आमच्या आज्जीचं गळणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. जाड खादीचं, दुहेरी, घागरीच्या तोंडावर मधोमध खळगा पाडून बसवलेलं. त्याचं मापही ठरलेलं, 36 अंगुलं लांब आणि 24 अंगुलं रुंद. वीण अशी घट्ट की उन्हाकडे धरलं तर आरपार सूर्य दिसता कामा नये. विहिरीचं पाणी त्यातून बारीक धारेनं ओतायचं. ते संपलं की बाकीच्यांना वाटायचं, झालं काम. आज्जीचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. गळणं उलटं करून त्यावर गाळलेल्याच पाण्याची धार सोडायची, कापडावर अडकलेलं सगळं एका भांड्यात उतरवायचं आणि ते परत विहिरीत नेऊन सोडायचं. वरून फेकायचं नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली एक छोटी बादली होती. ती पाण्याला टेकली की दोरीच्या हिसक्यानं अलगद कलंडायची. हीच जीवाणी.

ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जीवाणी. शेजारच्या विहिरीत सोडून चालत नाही. मी एकदा विचारलं, का? ती म्हणाली, "तुला उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडलं तर चालंल काय?"

पुढे घरात नळ आला. आज्जीनं नळाच्या तोंडाला गळणं बांधलं. पण जीवाणी? गळणं उलटं केलं, भांड्यात पाणी उतरलं, आणि भांडं हातात धरून ती परसात नुसती उभी राहिली. काही दिवस ती विहिरीत सोडत होती. मनातून तिला ठाऊक होतं, हे पाणी या विहिरीचं नव्हे. नंतर कढीलिंबाच्या मुळाशी ओतायला लागली. त्यावर कधी काही बोलली नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हातारी माणसं अशी मध्येच थबकतात, एवढंच वाटलं.

त्या थबकण्याचा अर्थ मला कळायला चित्रकलेचा वर्ग लागला, तोही मुलांचा.

बेळगावात शहापूरला आमच्या मंदिराच्या पाठशाळेत मे महिन्यात मुलांसाठी आठ दिवसांचा वर्ग घ्यायचं ठरलं. मी शाळेत चित्रकला शिकवत आलेली, म्हणून काम माझ्याकडे आलं. विषय दिला होता 'पाणी वाचवा'. अशा विषयावर काय होतं ते मला पाठ आहे. निळा नळ, त्यातून पडणारा एक थेंब, थेंबात पृथ्वी, आणि खाली घोषवाक्य. ते चित्र काढताना एकेक मूल ब्रश धुवायला चार-चार मग पाणी सांडतं. पाणी वाचवण्याच्या चित्राखाली किती पाणी जातं याचा हिशेब कुणी मांडत नाही. मी ठरवलं, यंदा घोषवाक्य नाही आणि दुकानातले रंगही नाहीत. रंग मातीचे करायचे, मुलांनी स्वतः करायचे, आणि आठही दिवस पाणी मोजून वापरायचं.

दुकानातल्या रंगांना नकार देण्यामागे आणखी एक कारण होतं. जैन घरातल्या मुलाला आपण मध खाऊ देत नाही. पण काही भारी जलरंगांत मध मिसळलेला असतो. कार्माइन नावाचा सुंदर गुलाबी-लाल मूळचा किड्यांपासून काढतात. मऊ ब्रशाला खारीचे, नेवल्याचे केस असतात. ताटातली हिंसा आम्हाला लगेच दिसते, रंगपेटीतली दिसत नाही. वीस वर्षं मी स्वतः त्याच ब्रशांनी रंगवलं, तेव्हा कुणाला नावं ठेवायचा प्रश्न नाही. मुलांनी कडुनिंबाच्या आणि बांबूच्या काड्या ठेचून कुंचले केले. थोडे राठ झाले, पण चालले.

माती आमच्या जिल्ह्यात भरपूर. खानापूरकडे गेलं की तांबडी, जिथली कौलं आणि मडकी प्रसिद्ध आहेत. बेळगावच्या पूर्वेला निघालं की काळी. एका कुंभारानं पिवळसर मातीचं ढेकूळ दिलं. रंग करायची रीत सोपी आहे, पण धीर पाहिजे. माती पाण्यात कालवायची, ढवळायची आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात जड वाळू तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि आता रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला लोण्यासारखा गाळ. नितळ पाणी अलगद काढून ठेवायचं, गाळ वाळवायचा, खलायचा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा. झाला रंग. आपल्या भाषेत याला निवळणं म्हणतात. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, तापलेलं भांडणही निवळतं. पूर्वी निवळीची बी मडक्याला आतून घासून गढूळ पाणी स्वच्छ करत, ती मुलांना दाखवायला मी बाजारात शोधली, मिळाली नाही. तुरटी मिळाली.

दुसऱ्याच दिवशी आक्का आल्या. आक्का म्हणजे आमच्या मंदिरातल्या सगळ्यांत व्रतस्थ बाई. रात्री पाणी घेत नाहीत, चातुर्मासात एकदाच जेवतात. दारात उभ्या राहून त्यांनी सगळा पसारा बघितला. चौदा मुलं, मातीचे ढीग, परातीत गढूळ पाणी, हात कोपरापर्यंत लाल.

"काय करालीस गं हे?"

मी सांगितलं.

"माती खणून आणलीस, पाणी कालवालीस. कशासाठी? पोटासाठी? धर्मासाठी?" मग शांतपणे म्हणाल्या, "हे अनर्थदंड नव्हे काय गं?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता.

ज्यांना हा शब्द ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गृहस्थाला संपूर्ण अहिंसा जमणार नाही हे आमच्या शास्त्रकारांना चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी हिंसेचे प्रकार पाडले. मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी. ती सोडलीच पाहिजे. स्वयंपाक, झाडलोट, घर बांधणं यांत होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं रक्षण करताना होते ती विरोधी. या तीन टळत नाहीत, कमी करता येतात. पण याशिवाय एक व्रत आहे अनर्थदंडविरतीचं. कारण नसताना दिलेली इजा सोडणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडकात तिचे पाच प्रकार सांगितलेत आणि त्यांतला एक प्रमादचर्या, म्हणजे उगीच जमीन खणणं, उगीच पाणी उडवणं, उगीच आग पेटवणं, उगीच झाडपाला तोडणं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा ग्रंथ, आणि त्यात माझ्या वर्गाचा पंचनामा लिहून ठेवलेला! माती खणली होती. पाणी कालवलं होतं. आणि आमच्या शास्त्राप्रमाणे पाण्यात जीव असतात एवढंच नाही, पाणी हाच एका इंद्रियाच्या जीवांचा देह आहे, अप्काय. माती पृथ्वीकाय. मग चित्र हे 'कारण' धरायचं की नाही?

मला सोपं उत्तर देता आलं असतं की मुलांना पर्यावरण शिकवतेय, हेतू चांगला आहे. पण हेतू चांगला असला की कारण पुरेसं होतं, हे मला पटत नाही. चांगल्या हेतूनं नद्या बुजवल्या जातात. वृक्षारोपणाच्या समारंभात सतरंजीखाली गवत मरतं आणि रोपाला पाणी घालायला पुन्हा कुणी येत नाही. हेतू हा आपल्या मनात असतो आणि पाणी बाहेर असतं.

आक्का गेल्या तशी मी मुलांना म्हटलं, उद्यापासून पाण्याची एकच घागर. ती संपली की वर्ग संपला. आमच्याकडे म्हणतात ना, पाणी तुपासारखं वापरावं, तर बघू जमतंय का.

पहिल्या दिवशी घागर तासाभरात संपली. रडारड झाली. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं युक्ती काढली. कुंचला धुवायला तीन वाट्या ओळीनं ठेवायच्या. पहिलीत घाण जाते, दुसरीत उरलेली, तिसरी जवळजवळ स्वच्छ राहते. पहिली वाटी गच्च झाली की ती निवळायला ठेवायची आणि वरचं नितळ पाणी पुन्हा तिसरीत. तळाला बसलेला गाळ? तोही वाळवला. सगळ्यांच्या सगळ्या रंगांचा मिळून एक तपकिरी-करडा रंग झाला, सांजवेळेच्या ढगासारखा. मुलांनी त्याला 'सगळ्यांचा रंग' असं नाव दिलं आणि पुढे त्याच्यासाठी भांडणं झाली. घागर दिवसभर पुरायला लागली. हे मी शिकवलं नव्हतं. हात थांबला तेव्हा डोकं चाललं.

मग मला आज्जीचं गळणं आठवलं. वर्गात प्रत्येकानं आपापल्या घरचं पाणी बाटलीतून आणायचं, सारख्या मापाचं. सगळ्यांना एकाच पांढऱ्या खादीचे तुकडे दिले. दुहेरी करून गाळायचं, कापड सुकवायचं आणि दोरीवर ओळीनं लावायचं. तेच आपलं चित्र. पाण्याला स्वतःचं चित्र काढू द्यायचं, आपण मध्ये काही करायचं नाही.

चार जणांकडे नळाचं पाणी, सहा जणांकडे बोअरचं, दोघांकडे टँकरचं. एकीनं तिच्या वाड्यातल्या जुन्या विहिरीचं आणलं. बेळगावात अशा विहिरी अजून बऱ्याच आहेत. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेस भरली तेव्हा टिळकवाडीत पाण्यासाठी खास विहीर खोदली होती, ती आजही आहे. नव्वदच्या दशकातल्या टंचाईत नळ कोरडे पडले तेव्हा गावाला जुन्या विहिरींचीच आठवण झाली होती. आणि चौदावी बाटली एका मुलानं आपल्या वडिलांना सोबत घेऊन, दोरीला बांधून, बळ्ळारी नाल्यातून भरून आणली. ती कुणी हातानं हाताळायची नाही असं मी बजावलं होतं. हातमोजे घालून मीच गाळली.

कापडं सुकली. नळाची चारही पांढरीशुभ्र. बोअरच्या दोन-तीन कापडांवर फिकट तांबूस कडा. टँकरची पिवळट. विहिरीच्या कापडावर हिरवट डाग, आणि ते ओलं असताना भिंगातून बघितलं तर त्यावर काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. नाल्याचं कापड काळं आणि तेलकट. ते दोरीवर वेगळं, टोकाला.

मी विचारलं, यांतलं सगळ्यांत अहिंसक पाणी कुठलं?

चौदाही हात नळाच्या कापडाकडे. "टीचर, त्याच्यात काहीच नाही. एकपण जीव मेला नाही."

मी गप्प राहिले. एक मुलगा, जरा मोठा, आठवीतला, म्हणाला, "पण टीचर, नळाचं पाणी धरणातलं असतंय की. राकसकोपचं. धरणात तर मासे असतात. मग ह्याच्यात काहीच कसं नाही?"

मग क्लोरीनचा विषय निघाला. शुद्धीकरणात पाणी निवळवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात. जे काही हलत होतं ते आपल्या नळापर्यंत यायच्या आत संपलेलं असतं. एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्यांनी मारलं."

क्लोरीन नको असं मला मुळीच म्हणायचं नाही. कॉलरा आणि कावीळ काय असते हे मी पाहिलंय, आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यानं आधी गरिबाचं मूल जातं. पण पांढरं कापड म्हणजे निर्दोषपणाचा दाखला, हे त्या दिवशी माझ्यापुरतं संपलं. विहिरीचं कापड डागाळलेलं होतं, कारण तिथं कुणीतरी जिवंत होतं. आपलं कापड स्वच्छ असतं, कारण मारण्याचं काम आपण दूर, नजरेआड सोपवलंय. नाल्याचं कापडही आपलंच आहे. ते दुसऱ्या टोकाला, तेही नजरेआड. नळ आणि मोरी यांच्यामध्ये आपण स्वच्छ हातांनी उभे असतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसतं प्राण घेणं म्हटलेलं नाही, प्रमादानं प्राण घेणं म्हटलंय. बेसावधपणा. नळाची तोटी ही बेसावधपणाची केवढी मोठी सोय आहे! आज्जी रहाटावर पाणी ओढायची, तिच्या खांद्याला प्रत्येक घागर माहीत होती.

विहिरीच्या कापडावर उड्या मारणारे ते बारीक जीव बहुतेक सायक्लोप्स असावेत. त्यांच्यावरून मी मुलांना नारूची गोष्ट सांगितली. नारूच्या अळ्या या सायक्लोप्सच्या पोटात असायच्या. पाण्याबरोबर तो पोटात गेला की वर्षभरानं माणसाच्या पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. औषध नव्हतं. उपाय काय, तर पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कापडाच्या तुकड्यानं एक रोग देशातून घालवला! आमच्या घरात हे अभिमानानं सांगतात, बघा, शास्त्र आमच्याकडे आधीच होतं. मला मात्र त्यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. नारूच्या मोहिमेत ते कापड माणसाला त्या जीवापासून वाचवत होतं. आज्जीच्या हातात तेच कापड त्या जीवाला माणसापासून वाचवत होतं. कापड एक, गाळण्याची कृती एक. फरक एवढाच की गाळून झाल्यावर एकीकडे कापड झटकलं जायचं आणि दुसरीकडे उलटं करून विहिरीवर न्यायचं.

मंदिराच्या भिंतीवर षड्लेश्यांचं चित्र आहे, बहुतेक मंदिरांत असतं. जांभळाच्या झाडाखाली सहा माणसं. एकाला झाड मुळासकट पाडायचंय, एकाला फांदी, असं करत करत सहावा खाली पडलेली जांभळं वेचतो. लहानपणी मला वाटायचं, तो सहावा काहीच हिंसा करत नाही. पण जांभूळ तोही खातो. त्याचं वेगळेपण एवढंच की तो खाली वाकतो.

सहाव्या दिवशी मुलांनी तोच प्रश्न विचारला जो आज्जीनं कधी विचारला नव्हता. कापडं उलटी करून वाट्यांत उतरवलेली जीवाणी समोर. विहिरीची विहिरीत जाईल, ठीक. बाकीची? नळाच्या पाण्यात जीव उरला नसेल, पण ते आलं कुठून, जातं कुठं, हे तरी बघू म्हणून आम्ही फरशीवर मातीच्या रंगांनी जिल्ह्याचा मोठा नकाशा काढला. राकसकोपचं धरण मार्कंडेय नदीवर. ती पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्या मोरीचं पाणी नाल्यातून जातं, नाला मार्कंडेयेकडे. म्हणजे जिचं पाणी वरून घेतो, तिलाच खाली परत देतो. "म्हणजे आपण जीवाणी तिथंच सोडालोय की!" एक पोरगा टाळी वाजवून म्हणाला. मग त्याची नजर काळ्या कापडाकडे गेली आणि तो बसला.

खानापूर तालुक्यातून मलप्रभा निघते कणकुंबीला आणि पूर्वेकडे जाते. त्याच तालुक्यातून म्हादई निघते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. नकाशावर मुलांनी एक बोट मलप्रभेवर ठेवलं आणि एक म्हादईवर, दोन्ही बोटं जवळजवळ चिकटलेली. एकीचं पाणी दुसरीत वळवण्यावरून किती वर्षं वाद चालू आहे, त्यात कोण बरोबर, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझे आप्त दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे तहान आहे. पण 'ज्याचं पाणी त्याला' हा आज्जीचा नियम लवादाच्या टेबलावर कुणी ठेवला असेल का, असं मनात येऊन गेलं. आणि ठेवला असता तर 'ज्याचं' म्हणजे कुणाचं, दोन राज्यांपैकी एकाचं की त्या पाण्यात राहणाऱ्यांचं?

सातव्या दिवशी आक्का परत आल्या. या वेळी आत आल्या. तीन वाट्यांची रांग बघितली, घागर बघितली, दोरीवरची कापडं एकेक करून निरखली. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलं नाही. अनर्थदंड आहे की नाही ते तुम्हीच सांगा."

"ते मी कशी सांगू?" त्या म्हणाल्या. "तू खणलीस ती माती कुठं हाय आता?"

मी कागदांवरची चित्रं दाखवली, उरलेली माती पोत्यात भरून ठेवलेली दाखवली. कुंभाराची कुंभाराला, शेतातली शेतात परत जाणार होती.

"आणि पाणी?"

निवळलेलं मंदिरामागच्या जाईला घातलं होतं. विहिरीची जीवाणी वाटीत होती.

आक्कांनी वाटी उचलली. "चल," त्या त्या वाड्यातल्या मुलीला म्हणाल्या, "विहीर दाखीव." घरून त्यांनी कडीची बादली आणवली. तशी बादली मी आज्जीनंतर पहिल्यांदाच बघत होते. चौदा मुलं विहिरीच्या काठाभोवती उभी राहिली. आक्कांनी दोरी सोडली, बादली पाण्याला टेकली, त्यांनी हिसका दिला. आवाजसुद्धा झाला नाही. मुलं बराच वेळ खाली बघत राहिली, काही दिसेल म्हणून.

परत आल्यावर दोरीच्या टोकाचं काळं कापड राहिलं होतं. मी म्हटलं, हे धुऊन टाकू या.

"धुतलंस तर पाणी कुठं जाईल?" आक्कांनी विचारलं.

मोरीत. मोरीतून नाल्यात.

जाळायचं तर धूर, पुरायचं तर माती. मुलांनी बरीच चर्चा केली, दोघांनी हात वर करून मत दिलं, काही ठरलं नाही. वर्ग संपला, चित्रं मंदिराच्या ओसरीवर महिनाभर लागली, मग मुलांनी घरी नेली. काळं कापड कुणी नेलं नाही. ते माझ्या कपाटात आहे, बरणीत झाकण लावून, न धुतलेलं.